आधी गाव नको, गाऱ्हाणं विचारा

मूल एकटं सापडलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: गाव कुठलं? मग ते बदलापुरात कात्रपच्या बांधकामावरचं असो, स्टेशनच्या फलाटावर उतरलेलं असो की आसपासच्या वीटभट्टीवरचं. गाव कळलं की सगळ्यांना हायसं वाटतं, कारण फाइल दुसऱ्या जिल्ह्याची होते.

२०१५ चा बाल न्याय कायदा असं सांगत नाही. मुलाला चोवीस तासांत बालकल्याण समितीपुढे न्यायचं. अध्यक्ष आणि चार सदस्यांच्या या समितीला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार आहेत. मूळ जिल्ह्यात पाठवायचं तर कलम ९५ नुसार ते मुलाच्या हिताचं आहे अशी आधी खात्री पटायला हवी, तिथल्या समितीशी बोलणं व्हायला हवं. पोलिसांनी पंधरा दिवसांत पोचवायचं, ही मुदत त्यानंतरची. माझी तक्रार एवढीच की मुदत लक्षात राहते आणि खात्री एका छापील ओळीत उरकते.

अमेरिकेत याच खात्रीवर १९९० पासून एक तरतूद उभी आहे. आईबापांनी छळलेलं किंवा टाकलेलं परदेशी मूल कुटुंब न्यायालयापुढे आलं, तर परत पाठवणं त्याच्या हिताचं आहे की नाही, हे न्यायाधीश ठरवतो. मुलाला तिथे कायम राहू देणारं ग्रीन कार्ड देणं न्यायाधीशाच्या हाती नाही, ते इमिग्रेशन खात्याचं काम. पण न्यायालयाच्या निष्कर्षाशिवाय या वाटेने खात्याकडे जाताच येत नाही. न्यूयॉर्कमध्ये तर २००८ पासून एकविसाव्या वर्षापर्यंत पालक नेमता येतो. ग्रीन कार्डासाठीची पुढची रांग वर्षानुवर्षांची, तेव्हा कौतुक बेतानंच करू.

आपल्या पोरांना आडवी येते ती जिल्ह्याची नाहीतर राज्याची हद्द. घरच्या माराला भिऊन पळालेली मुलगी, बापाने घेतलेली उचल फिटेपर्यंत मुकादमाकडे ठेवलेला मुलगा, यांना गावी पोचवणं म्हणजे त्याच दारात सोडून येणं. बदलापूरशेजारचं उल्हासनगर निर्वासितांच्या छावण्यांतून उभं राहिलं, १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळालं. तिथल्या पहिल्या रहिवाशांना ‘मूळ गावी जा’ म्हणायची कुणाची छाती झाली असती?

इथेच ठेवायचं ठरलं तर बालगृह हाच एक पर्याय नाही. कलम ४४ प्रतिपालक कुटुंबाची सोय देतं. राज्याच्या बालसंगोपन योजनेत महिना २,२५० रुपये मिळतात. पण रेशनकार्ड, रहिवासी दाखला मागितला की परप्रांतीय मजुराचं मूल अडलंच.

म्हणून समितीच्या आदेशात चार ओळी जास्त हव्यात: मूल का जातंय किंवा का राहतंय, आणि राहणार असेल तर त्याचं आधार कार्ड, शाळेचा प्रवेश, लागू असल्यास अनाथ प्रमाणपत्र कुणी काढायचं, हुद्द्यासकट. अनाथांना राज्यात २०१८ पासून एक टक्का आरक्षण आहे. बालगृहातून बाहेर पडल्यावर एकविसाव्या वर्षापर्यंत मदतीची तरतूदही कायद्यात आहे. अठरा पूर्ण झाल्यावर कागद गोळा करायला निघालेल्या पोराला यातलं काय वेळेत मिळणार?