पुढच्यास ठेच

‘पुढच्यास ठेच, मागचा शहाणा’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या आहे. माणसे पाऊलवाटेने एकामागून एक चालली असता पुढच्याच्या पायाला दगड लागतो, तो कळवळून थांबतो आणि मागचे सर्व जण तो दगड चुकवून पुढे जातात. मनुष्यजातीने आपले पुष्कळसे ज्ञान याच रीतीने मिळविले आहे. रानातला कोणता कंद विषारी, नदीचा कोणता उतार फसवा, कोणते लाकूड वाळवीपुढे टिकत नाही, हे कोणाला तरी ठेच लागल्यावाचून कळलेले नाही.

परंतु या म्हणीला एक अट आहे. ठेच एकट्याला लागावी आणि शहाणे होण्यासाठी मागे अनेक जण उरावेत, तरच ती खरी ठरते. सर्वच माणसे एका रांगेत खांद्याला खांदा लावून चालू लागली आणि खड्डा सर्वांच्याच पायांखाली असला, तर शहाणे होण्यास मागे राहील कोण? विज्ञानाने मनुष्याच्या हाती दिलेल्या नव्या नव्या शक्तींविषयी आज हाच प्रश्न उभा आहे.

ठेचेतून शहाणपण कसे येते, हे पाहावयाचे तर ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्याकडे पाहावे. माहुलीच्या सुळक्यांच्या छायेतील हा मुलूख भाताचा, सागाचा आणि मुसळधार पावसाचा. येथल्या तानसा नदीवरचे धरण १८९२ साली पुरे झाले. स्वातंत्र्यानंतर भातसा नदीवर त्याहूनही मोठे धरण उभे राहिले. डोंगरातून धावत येऊन खाडीला मिळणारे पाणी मनुष्याने अडविले आणि नळांतून मुंबईच्या घराघरांत नेले. धरण ही मानवी बुद्धीची थोर करणी आहे, यात शंका नाही. तथापि जी भिंत पाणी अडविते, ती खचली तर तेच पाणी काळ होऊन धावते. १२ जुलै १९६१ रोजी पुण्याजवळचे पानशेत धरण फुटले आणि मुठा नदीकाठची वस्ती पाहता पाहता उद्ध्वस्त झाली. धरण बांधले म्हणजे काम संपले असे नसून त्याची राखण करण्याचे काम तेथून सुरू होते, हा धडा महाराष्ट्राला त्या दिवशी मिळाला.

धरणाच्या पोटात आणखी एक संकट दडलेले होते. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर भूकंपाने हादरले आणि दीडशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. कोयनेचा विशाल जलाशय भरल्यापासून त्या भागात धक्के जाणवू लागले होते. मोठा जलाशय भरला म्हणजे पाणी खडकांच्या फटींतून खोल झिरपते. ज्या ठिकाणी खडकांत आधीच ताण साठलेला असतो, तेथे हे पाणी आणि त्याचा भार यांमुळे खडक सरकतात, असे शास्त्रज्ञांनी अभ्यासाने दाखविले. पुढे १९८३ साली भातसा जलाशय भरत असताना शहापुरातही धक्के जाणवू लागले. त्या वर्षीच्या सप्टेंबर महिन्यात ४.९ इतक्या तीव्रतेचा धक्का बसला. परंतु या वेळी शास्त्रज्ञ अंधारात नव्हते. असे का घडते, हे कोयनेने त्यांना शिकविले होते. त्यांनी भूकंपमापक यंत्रे मांडली, नोंदी घेतल्या आणि धक्क्यांचा अभ्यास केला. भातशाची भिंत आजही उभी आहे. कोयनेला ठेच लागली, भातसा शहाणा झाला. २०२१ साली भारताच्या संसदेने धरणांच्या सुरक्षिततेसाठी स्वतंत्र कायदा केला. मोठ्या धरणांची नियमित तपासणी करणे आणि संकटकाळची योजना आधीच तयार ठेवणे त्याने बंधनकारक झाले. पानशेतपासून हा कायदा होईपर्यंत साठ वर्षे गेली, हेही विसरता येत नाही.

धरण दिसते तरी. ते कोठे आहे, खाली कोणती गावे आहेत, हे सांगता येते. परंतु काही शक्ती अशा असतात की, त्या एका लहानशा बाटलीत मावतात आणि त्यांचा परिणाम मात्र कित्येक देशांवर होतो. शहापूरला लागून असलेल्या मुरबाड तालुक्यात म्हसा नावाचे गाव आहे. पौष महिन्यात तेथे मोठी यात्रा भरते आणि तिच्यातील बैलांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. शेतकऱ्याला बैल म्हणजे घरातले माणूस. बैल आजारी पडला, सांधे सुजले, की साऱ्या घराच्या जिवाला घोर लागतो. गेल्या शतकाच्या अखेरीस डायक्लोफेनॅक नावाचे वेदनाशामक औषध देशभर गुरांना टोचले जाऊ लागले. औषध गुणकारी होते, स्वस्त होते, आणि ते देणाऱ्याच्या मनात जनावराविषयी दयाच होती.

आणि तरीही त्याच काळात आकाशातली गिधाडे नाहीशी होऊ लागली. औषध टोचलेले ढोर मेले की त्याचे मांस गिधाडे खात. त्या मांसातील औषधाचा अल्प अंशही त्यांची मूत्रपिंडे निकामी करी. पांढऱ्या पाठीची गिधाडे १९९२ पासून २००७ पर्यंतच्या पंधरा वर्षांत हजारांत एखादेच उरावे इतकी घटली. मेलेली ढोरे साफ करणारे निसर्गाचे सेवकच गेल्यामुळे ती रानात कुजू लागली आणि मोकाट कुत्री वाढली. कारण मात्र कोणालाच उमगेना. अखेर पाकिस्तानात केलेल्या संशोधनातून २००४ साली खरा अपराधी उघडकीस आला. २००६ साली भारत, पाकिस्तान आणि नेपाळ या तिन्ही देशांनी जनावरांसाठी हे औषध वापरण्यास बंदी केली. मेलॉक्सिकॅम नावाचे दुसरे औषध गुरांना उपयोगी पडते आणि गिधाडांना अपाय करीत नाही, हेही शास्त्रज्ञांनी शोधून काढले. तरी पळवाट राहिलीच. माणसांसाठी बनविलेल्या मोठ्या बाटल्यांतील तेच औषध गुरांना दिले जाऊ लागले. म्हणून २०१५ साली त्या बाटल्यांचा आकारही कायद्याने लहान करावा लागला.

या हकीकतीत कोणी दुष्ट नाही. म्हणूनच ती अधिक विचार करावयास लावते. नवी शक्ती केवळ वाईट माणसाच्या हाती घातक ठरते, असे पुष्कळांना वाटते. परंतु चांगल्या हेतूने चांगल्या माणसांनी वापरलेली शक्तीही, तिचा परिणाम आधी तपासला नाही तर, अनर्थ घडविते. शिवाय गिधाडाला सीमा ठाऊक नसते. एका देशाने बंदी केली आणि शेजाऱ्याने केली नाही, तर पक्षी वाचत नाहीत. ज्या शक्तीचा परिणाम जितक्या दूरवर पोहोचतो, तितक्याच दूरवर तिची राखणही पोहोचली पाहिजे.

अणुशक्तीच्या बाबतीत जगाला हे तत्त्व लवकर पटू लागले. १९५५ साली अणूच्या शांततामय उपयोगासाठी जिनिव्हा येथे भरलेल्या जागतिक परिषदेचे अध्यक्षपद डॉ. होमी भाभा यांनी भूषविले. १९५७ साली आंतरराष्ट्रीय अणुशक्ती संस्था स्थापन झाली. १९६९ साली त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातच, तारापूर येथे, भारताचे पहिले अणुवीजकेंद्र सुरू झाले. ते आता पालघर जिल्ह्यात मोडते. परंतु २६ एप्रिल १९८६ रोजी तेव्हाच्या सोव्हिएत संघातील चेर्नोबिल येथे अणुभट्टीचा स्फोट झाला, तेव्हा ती बातमी जगाला तत्काळ कळविण्यात आली नाही. दूर स्वीडन देशातील एका अणुकेंद्राच्या यंत्रांनी हवेतील किरणोत्सार टिपला आणि मग जग जागे झाले. त्याच वर्षी अनेक राष्ट्रांनी करार केला की, असा अपघात घडल्यास त्याची वर्दी इतर देशांना ताबडतोब द्यावयाची. गावात आग लागली असता घरधनी ती लपवू लागला, तर सारे गाव जळते. जगही आता तसेच एक गाव झाले आहे.

यावर काही जण आक्षेप घेतात. ते म्हणतात, “असे नियम घालीत बसल्यास नवे शोध लागणार कसे? ज्यांची प्रगती होऊन चुकली, ते श्रीमंत देश नियमांच्या नावाखाली गरीब देशांची वाट अडवतील.” या आक्षेपात तथ्य आहे, आणि तो झिडकारून चालणार नाही. परंतु त्याचे उत्तरही जगाने एकदा देऊन दाखविले आहे. शीतकपाटांत वापरले जाणारे काही वायू पृथ्वीभोवतालच्या ओझोनच्या आवरणाचा नाश करतील, असा इशारा शास्त्रज्ञांनी १९७४ साली दिला. १९८५ साली अंटार्क्टिकावरील ओझोन विरळ झाल्याचे आढळले आणि १९८७ साली माँट्रियल येथे करार झाला. त्यात गरीब देशांना अधिक मुदत दिली गेली. पुढे त्यांच्या मदतीसाठी निधीही उभारला गेला. १९९२ साली भारत त्या करारात सामील झाला. पुढे जगातील सर्व राष्ट्रांनी तो मान्य केला. शीतकपाटे बंद पडली नाहीत. त्यांतील वायू तेवढे बदलले आणि ओझोनचे आवरण हळूहळू भरून येऊ लागले. नियम न्याय्य असला, तर तो प्रगतीची वाट अडवीत नाही. त्या वाटेवरचा खड्डा तेवढा दाखवितो.

आज मनुष्याने विचार करणारी यंत्रे घडविली आहेत. ती लिहितात, बोलतात, चित्रे काढतात, एखाद्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. सजीवांच्या पेशींतील आनुवंशिक लेखही मनुष्य बदलू लागला आहे. या शक्ती रोग बरे करतील, पिके वाचवतील, दुर्गम पाड्यावरच्या मुलाला शिकवतील, ही आशा खोटी नाही. परंतु त्याच शक्ती खोटे खरे म्हणून पसरवू शकतात, नवे रोग निर्माण करू शकतात, आणि त्यांचा परिणाम एका दिवसात साऱ्या पृथ्वीवर पोहोचू शकतो. येथे पानशेतनंतरची साठ वर्षे मिळतीलच, असा भरवसा नाही. नोव्हेंबर १९२३ नव्हे, तर अगदी अलीकडे, नोव्हेंबर २०२३ मध्ये, इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे भारत, चीन व अमेरिका यांसह अठ्ठावीस देश आणि युरोपीय संघ यांनी बुद्धिमान यंत्रांच्या धोक्यांविषयी एकत्र येऊन घोषणा केली. मार्च २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही या विषयावर एकमताने ठराव केला. ही सुरुवात स्वागतार्ह आहे. परंतु घोषणा आणि ठराव म्हणजे कायदा नव्हे. ‘पाहू’ म्हणणे आणि राखणीला बसणे यांत फार अंतर आहे.

ही राखण कोणी करावयाची, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. यंत्र घडवणाऱ्यांवरच ती सर्वस्वी सोपवली, तर कुंपणानेच शेत खाल्ल्यासारखे होईल. मूठभर बलाढ्य राष्ट्रांनीच सारे ठरविले, तर इतरांचे दुःख त्यांना दिसणार नाही. शहापूर तालुक्यातील जलाशयांनी मुंबईची तहान भागते; पण त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात बायकांना डोक्यावर हंडे घेऊन पाण्यासाठी पायपीट करावी लागते. धरणे जवळ, पाणी मात्र दूर! लाभ कोणाला आणि भार कोणावर, हा प्रश्न योजना आखतानाच विचारला गेला नाही म्हणजे असे घडते. नव्या शक्तींच्या बाबतीत हा प्रश्न आधी विचारला पाहिजे, आणि ज्यांच्यावर संकट कोसळू शकते त्यांना बोलण्याचा अधिकार दिला पाहिजे.

भात पोटरीला आला की शेतकरी माळ्यावर राखणीला बसतो. रानडुकरे शेतात शिरल्यावर जागे होऊन काय उपयोग, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. तो पिकाला शत्रू मानीत नाही. पीक मोलाचे आहे म्हणूनच त्याची राखण करतो. विज्ञानाने दिलेल्या शक्तीही अशाच मोलाच्या आहेत. त्यांना भिऊन दूर पळणे हे भित्रेपणाचे, आणि डोळे मिटून त्यांच्यामागे धावणे हे अविचाराचे. जागे राहून, सर्वांनी मिळून, वेळेवर त्यांची राखण करणे यातच शहाणपण आहे. हे शहाणपण मिळविण्यासाठी साऱ्या जगाला ठेच लागण्याची वाट पाहावी लागू नये.