पत्ता माझा, कमाई दलालाची!

वसतिगृहातील माझा एक मित्र २०२४ साली ऑनलाइन रमीत परीक्षेच्या फीचे पैसे घालवून बसला. वडिलांना तोंड दाखवणे जड झाले, तेव्हा त्याने खाते बंद केले. पुन्हा खेळणार नाही अशी शपथ घेतली. परंतु त्याचा ई-मेलचा पत्ता काही सुटला नाही! 'परत या, बोनस घ्या' अशी आमंत्रणे नवनव्या नावांनी येतच राहिली.

त्याने पत्ता दिला होता एकाला. मग तो इतरांकडे गेला कसा? या धंद्यात 'अफिलिएट' नावाचे दलाल असतात. गिऱ्हाईक आणून दिले की त्यांना कमिशन मिळते. पुष्कळदा तर गिऱ्हाईक जेवढे हरेल त्यात वाटा! ज्याची चूल आपल्या हरण्यावर पेटते, तो सुटू पाहणाऱ्याला सुखासुखी सोडील काय?

पूर्वी मटक्याचा अड्डा टाळायचा तर रस्ता बदलता येई. आज अड्डाच खिशात येऊन बसला आहे.

ज्या कामासाठी संमती दिली त्यापुरतीच माहिती वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या कायद्यात आले. २०२५ साली संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घातली. तरीही परदेशातून येणारी पत्रे थांबलेली नाहीत. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की दलालाकडे बोट दाखवून कंपनीला सुटता येऊ नये. ज्याने पत्ता घेतला, त्यानेच जाब द्यावा.

मित्रहो, शपथ मोडणारा दुबळा असेल; पण ती मोडावी म्हणून रोज दार ठोठावणाऱ्याला आपण काय म्हणणार?