संपादकाची खुर्ची

आमच्या हुपरीस चांदीचें काम घरोघर चालतें. दृष्टि मंदावली तरी वृद्ध कारागीर आपली बसावयाची जागा सहसा सोडीत नाहीं. चाळिशीचा मुलगाही बापाच्या नजरेखालींच पैंजणाच्या कड्या जोडतो. घरांतील किल्ल्यांचें काय होतें, तें वाचक भगिनींस मीं सांगावयास नकोच! परवां अशाच एका घरीं बसलों असतां मला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची आठवण झाली.

तें मंदिर म्हणजे मुळांत एका वृद्ध पंडिताचा सत्कारच होय. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांस ऐंशी वर्षें पूर्ण झालीं, त्या दिवशीं, ६ जुलै १९१७ रोजीं, तें स्थापन झालें, आणि सत्कारमूर्तीनें आपला ग्रंथसंग्रह त्यासच अर्पण केला. शालजोडीपेक्षां हा सत्कार मला अधिक शोभतो.

तेथें महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध होत होती. एकेक श्लोक कागदावर मांडून त्याखालीं निरनिराळ्या पोथ्यांतील पाठ अक्षरशः टिपावयाचे; काश्मीरची शारदा लिपि, दक्षिणेची ग्रंथ लिपि, मलयाळम्, सर्व कांहीं वाचावयाचें! १९२५ पासून प्रधान संपादक असलेले डॉ. विष्णु सीताराम सुखठणकर २१ जानेवारी १९४३ रोजीं अकस्मात् वारले. कार्य अर्धेंमुर्धें राहिलें, आणि ती खुर्ची डॉ. श्रीपाद कृष्ण बेलवलकरांकडे आली.

येथेंच खरी कसोटी होती. श्रीगणेश व्यासांचे लेखक झाले ही कथा सुखठणकरांनीं मूळ संहितेंतून काढून परिशिष्टांत घातली होती. आमच्या वडीलधाऱ्यांस तें आजही रुचत नाहीं. परंतु पूर्वसूरींनीं घालून दिलेले नियम बेलवलकरांनीं मोडले नाहींत; भीष्मपर्व व अवाढव्य शांतिपर्व त्यांनीं त्याच पद्धतीनें संपादिलें. १९५७ सालीं त्यांस गौरवग्रंथ अर्पण झाला. पुढें १९६१ सालीं, ऐंशीच्या उंबरठ्यावर, अनुशासनपर्व हातावेगळें व्हावयाचें असतांना, त्यांनीं संपादकत्व डॉ. परशुराम लक्ष्मण वैद्यांच्या स्वाधीन केलें. शिखर डोळ्यांसमोर असतां पालखीचा दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर देणें सोपें नव्हे. २२ सप्टेंबर १९६६ रोजीं राष्ट्रपति राधाकृष्णन् यांच्या उपस्थितींत कार्यसमाप्तीचा समारंभ झाला, तेव्हां बेलवलकर हयात होते. १९६७ सालीं ते निवर्तले. ग्रंथाच्या मुखपृष्ठावर मात्र तिघांचींही नांवें आहेत, प्रत्येकाच्या कारकीर्दीच्या सालांसह.

मीं स्वतः काय केलें? निवृत्तीनंतरही चार वर्षें शाळेच्या वार्षिक अंकाचें संपादन सोडलें नाहीं. तरुण शिक्षकानें परिश्रमपूर्वक लावलेल्या अनुक्रमणिकेवर तांबडी शाई चालवीत बसलों. तो बिचारा ‘होय गुरुजी’ म्हणे आणि पुन्हां लिहून आणी. गेल्या दसऱ्यास सर्व कागद एका रुमालांत बांधून त्याच्या घरीं नेऊन दिले. त्यानें पाट मांडला, चहा दिला, आणि भीतभीतच विचारलें, “गुरुजी, अंक छापावयास देण्यापूर्वीं एकदां पाहाल ना?”

नको म्हणावयास मला फार वेळ लागला.