निदान रुग्णाचे, भार नदीवर

आधुनिक वैद्यकाने शरीराच्या आत पाहण्याची जी साधने मिळवून दिली, त्यांचे उपकार कोणीही नाकारणार नाही. मात्र या तपासण्यांचा एक खर्च इस्पितळाच्या बिलात कधीच मांडला जात नाही. एमआरआय करताना अवयव स्पष्ट दिसावेत म्हणून कित्येकदा गॅडोलिनियम या धातूचे संयुग शिरेतून टोचतात. सीटी स्कॅनसाठी आयोडीनयुक्त द्रव्य वापरतात. शरीरात फारसा बदल न होता ती बाहेर पडावीत, अशीच त्यांची घडण असते. मूत्रपिंडे निरोगी असल्यास बहुतांश द्रव्य चोवीस तासांत लघवीवाटे निघून जाते. रुग्णाच्या दृष्टीने हा गुणच होय. पण शरीराला न पचलेले हे द्रव्य मैलाशुद्धीकरण केंद्रातील जिवाणूंनाही सहजासहजी पचत नाही.

बर्लिनचे उदाहरण बोलके आहे. तेथील नद्यांत गॅडोलिनियमचे प्रमाण निसर्गतः असावयास हवे त्याहून बरेच अधिक असल्याचे बाउ आणि डुल्स्की या संशोधकांनी १९९६ मध्ये दाखवून दिले. पुढे ते शहरातील नळाच्या पाण्यातही आढळले. ही मात्रा अत्यल्प असून तिच्यामुळे माणसाला अपाय होतो, असे सिद्ध झालेले नाही. घबराटीचे कारण नाही, हे खरे. परंतु नदीत एकदा मिसळलेले द्रव्य वेगळे काढणे दुरापास्त असते, हेही तितकेच खरे.

मग खर्च कोणी सोसावा? युरोपीय संघाने २०२४ मध्ये संमत केलेल्या निर्देशात, सांडपाण्यातील सूक्ष्म प्रदूषके काढण्यासाठी लागणाऱ्या जादा शुद्धीकरणाचा किमान ८० टक्के खर्च औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या उत्पादकांवर टाकण्याचे ठरले. प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी, हे तत्त्व रास्तच आहे. त्यामुळे औषधे महागतील, ही उत्पादकांची तक्रारही अगदीच पोकळ म्हणता येणार नाही. शिवाय पैसा कोणीही भरला, तरी ओझोन वा सक्रिय कोळसा यांच्या प्रक्रियेलाही ही द्रव्ये पुरती दाद देत नाहीत.

म्हणूनच ती उगमापाशी अडविणे श्रेयस्कर ठरते. जर्मनीतच रूर नदीकाठच्या म्यूल्हाइम येथे २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात अशा रुग्णांना लघवी साठविण्याच्या पिशव्या देण्यात आल्या. तपासणीनंतर रुग्ण बहुधा लगेच घरी जातो. तेव्हा केवळ इस्पितळात व्यवस्था करून भागत नाही, हे त्यामागील सूत्र होते.

पुण्या-मुंबईच्या रुग्णांच्या शरीरातूनही ही द्रव्ये याच वाटेने जातात. आपल्याकडे साध्या मैलापाण्याचेही पूर्ण शुद्धीकरण होत नाही. अशा स्थितीत ओझोनच्या महागड्या यंत्रणेची वाट पाहण्यापेक्षा तपासणीच्या शुल्कातच पिशवीची किंमत धरणे अधिक शहाणपणाचे ठरेल. अन्यथा बिलात न मांडलेला हा खर्च प्रवाहाच्या खालच्या गावांनाच सोसावा लागेल आणि त्यांची संमती कोणी विचारलेलीही नसेल.