विश्लेषण : घरी बांधलेल्या विमानात एसी बसवणे इतके अवघड का?

एसी नसलेली मोटार आज कुणी विकत घेईल का? पण अमेरिकेत लाख-दोन लाख डॉलर खर्चून, चार-पाच वर्षे गॅरेजमध्ये खपून स्वतःचे विमान बांधणारे हजारो हौशी लोक मे महिन्याच्या उन्हात अक्षरशः घामाने निथळत उडतात. यंत्र त्यांना कळते, पैसाही असतो. अडते ते वजनापाशी, जागेपाशी आणि विजेपाशी. अमेरिकेच्या हवाई नियामकाने, म्हणजे एफएएने जुलै २०२५ मध्ये हलक्या विमानांसाठीची ‘मोझेक’ नियमावली जाहीर केली. ‘लाइट स्पोर्ट’ गटातील विमानांवरची सुमारे ६०० किलोंची वजनमर्यादा त्यात काढून टाकण्यात आली. त्यामुळे इतकी वर्षे ‘चैन’ म्हणून बाजूला ठेवलेल्या एसीचा हिशेब अनेक जण नव्याने मांडू लागले तर नवल नाही. त्यात गंमत अशी, की हा हिशेब बारावीच्या भौतिकशास्त्रावर सुटतो.

विमान, आणि तेही घरी?

होय. अमेरिकेत ‘एक्स्पेरिमेंटल, अमॅच्युअर-बिल्ट’ असा विमानांचा अधिकृत गट आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने, स्वतःच्या शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी केले असेल तर विमानाला या गटात मान्यता मिळते. बोलीभाषेत याला ‘५१ टक्क्यांचा नियम’ म्हणतात. सुटे भाग पेट्यांमधून घरी येतात, रिव्हेट ठोकत बसायचे. या धंद्यातले सर्वांत मोठे नाव ओरेगन राज्यातील ऑरोरा येथील ‘व्हॅन्स एअरक्राफ्ट’. संस्थापक रिचर्ड व्हॅनग्रन्सव्हेन यांच्या आद्याक्षरांवरून त्यांच्या विमानांना ‘आरव्ही’ म्हणतात. आजवर ११ हजारांहून अधिक आरव्ही विमाने उडाली आहेत. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला होता, पुढच्या वर्षी ती त्यातून बाहेरही आली. यातले ‘आरव्ही-१०’ हे चार आसनी, २६० अश्वशक्तीचे विमान. एसीची चर्चा सर्वाधिक होते ती याच विमानाबाबत.

वर तर थंडीच असते, मग एसी कशाला?

प्रमाणित वातावरणात दर हजार फुटांना तापमान सुमारे दोन अंश सेल्सिअसने उतरते. जमिनीवर ४० अंश असतील तर दहा हजार फुटांवर २० अंश. म्हणजे एसी लागतो तो इंजिन सुरू केल्यापासून चढाईची पहिली दहा-पंधरा मिनिटे, आणि नंतर उतरताना. बाकी प्रवासात बाहेरची हवा आत घेतली तरी भागते.

पण ती सुरुवातीची मिनिटेच सर्वांत धोक्याची असतात. ॲरिझोनातील फिनिक्समध्ये २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ४३ अंश सेल्सिअसला भिडला किंवा त्याच्या वर गेला. अशा दिवशी काळ्या डांबरावर उभ्या असलेल्या विमानाचे पारदर्शक छत म्हणजे हरितगृहच. वैमानिक याच वेळी तपासणी यादी वाचत असतो, नियंत्रण कक्षाशी बोलत असतो, उड्डाणाचा वेग मनात घोकत असतो. घाम डोळ्यांत उतरत असताना यातली एखादी पायरी निसटणे अशक्य नाही. आरव्ही-१० चे दरवाजे वरच्या बाजूला उघडतात, आणि धावपट्टीकडे जाताना वारा यावा म्हणून ते किलकिले ठेवण्याची अनेकांना सवय आहे. उड्डाणाआधी ते नीट बंद करायचे राहिले तर? या विमानाचे दरवाजे हवेत उघडून तुटून गेल्याच्या घटना घडल्यानंतर कंपनीने जादा सुरक्षा-कडी बसवायला सांगितली. तेव्हा एसी ही निव्वळ चैन आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे दरवाजे आठवावेत.

थंडावा किती लागतो?

भर दुपारी सूर्याकडून दर चौरस मीटरला सुमारे एक किलोवॉट उष्णता येते. छत आणि खिडक्या मिळून दोन चौरस मीटर धरले तर दोन किलोवॉट. शांत बसलेला माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडतो. चौघे म्हणजे ४०० वॉट. त्यात इंजिनाकडून झिरपणारी आणि तापलेल्या पत्र्यातून येणारी उष्णता मिळवा. एकूण तीन-साडेतीन किलोवॉट होतात, म्हणजे साधारण एक टन. आपल्याकडे लहानशा बेडरूमला लावतात तेवढाच एसी! विमानाची केबिन मोटारीएवढी असली तरी भिंती पातळ आणि काच जास्त, त्यामुळे गरज खोलीएवढी.

एक टन थंडाव्यासाठी कॉम्प्रेसरला साधारण दीड किलोवॉट, म्हणजे दोन अश्वशक्ती द्यावी लागते. पट्टा, पंखे आणि उन्हाळ्यातील घटलेली कार्यक्षमता धरून ती तीन-चारपर्यंत जाते. २६० अश्वशक्तीच्या इंजिनाला हे किरकोळ वाटेल. मात्र हेच इंजिन फिनिक्समध्ये ४३ अंशांना चालवले की विरळ हवेमुळे विमान सुमारे ४,८०० फुटांवर असल्यासारखे वागते. म्हणजे समुद्रसपाटीपासून जेमतेम अकराशे फुटांवरच्या विमानतळावरून निघतानाच ते महाबळेश्वरपेक्षा उंच ठिकाणाहून उडत असते! साधारण १५ टक्के ताकद अशीच गेलेली असते. पंखांनाही धरायला हवा कमी मिळते. एसीची गरज सर्वाधिक असते नेमकी तेव्हाच इंजिनाची ऐपत सर्वांत कमी असते.

यावरचा उपाय जुना आहे. पायपर कंपनीच्या काही कारखानी विमानांत पूर्ण थ्रॉटल दिला की कॉम्प्रेसर आपोआप सुटतो आणि पोटाखालचा कंडेन्सरचा दरवाजा मिटतो. ही यंत्रणा बिघडून दोन्ही चालूच राहिले, तर चढाईचा वेग मिनिटाला १०० फुटांपर्यंत घटू शकतो, असा इशारा त्यांच्या माहितीपुस्तिकेत असतो. घरी विमान बांधणाऱ्यानेही तसा स्विच बसवायलाच हवा.

पट्ट्यावर की विजेवर?

कॉम्प्रेसर मोटारीसारखा पट्ट्याने फिरवायचा तर पंख्यामागच्या चाकावर आणखी एक खाच लागते, इंजिनाला घट्ट कंस लागतो, आणि पट्टा तुटल्यावर तो शेजारच्या अल्टर्नेटरचा पट्टा घेऊन जाणार नाही याची तजवीज लागते. शिवाय थंड वायूच्या नळ्या इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या आगरोधक भिंतीतून न्याव्या लागतात. तिथले प्रत्येक भोक हे आगीला आणि कार्बन मोनॉक्साइडला दिलेले आमंत्रण असते, म्हणून ते पोलादी जोड आणि आगरोधक लेप वापरून बुजवावे लागते. मोटारींत वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू सहज पेटत नाही, पण ज्वाळेत सापडला तर त्यातून हायड्रोजन फ्लोराइडसारखा जहाल विषारी वायू निघतो.

विजेवरचा कॉम्प्रेसर शेपटीकडे ठेवता येतो, नळ्या आखूड राहतात, इंजिनाला हात लावावा लागत नाही. अडचण विजेची. १४ व्होल्टवर दीड किलोवॉट म्हणजे शंभराहून अधिक अँपिअर. बऱ्याच छोट्या विमानांतला ६० अँपिअरचा अल्टर्नेटर सारे काही बंद ठेवले तरी ८४० वॉटच देतो. हलक्या विमानांतील लोकप्रिय रोटॅक्स ९१२ इंजिनाचे अंगभूत जनित्र तर सुमारे २५० वॉटचे, म्हणजे घरातले तीन-चार छताचे पंखे चालतील एवढे. २८ व्होल्टची प्रणाली आणि मोठा अल्टर्नेटर घेतला तर जमते, पण मग निम्म्या विमानाची वायरिंग नव्याने.

कंडेन्सर ठेवायचा कुठे?

मोटारीत तो रेडिएटरपुढे असतो. विमानात इंजिनापुढे ठेवला तर हवेने थंड होणाऱ्या इंजिनाला आधीच तापलेली हवा मिळते आणि सिलिंडर तापू लागतात. म्हणून तो पोटाखाली किंवा शेपटीच्या पोकळीत जातो. पोटाखाली ठेवला तर हवेचा विरोध वाढून वेग थोडा कमी होतो, शिवाय समोरच धुराड्याची गरम हवा. शेपटीत ठेवला तर हवा आत ओढायला पंखा हवा, कारण विमान जमिनीवर उभे असताना वारा नसतो आणि कंडेन्सर गुदमरला की दाब वाढून कॉम्प्रेसर बंद पडतो.

२५ किलोंचे मोल

सगळा संच २० ते ३० किलोंचा होतो. आरव्ही-१० चे कमाल वजन १,२२५ किलो, रिकामे सुमारे ७२५. उरले ५००. टाक्या भरल्या की १६३ किलो इंधन. त्यातून एसीचे २५ वजा केले तर चौघांच्या वाट्याला प्रत्येकी ७८ किलो, आणि सामान शून्य. एवढे हलके चार प्रौढ गोळा करणे अमेरिकेत सोपे नाही. या विमानाचे नाक मात्र मुळात जड. पुढे दोघेच असताना शेपटीकडचे एसीचे वजन तोल सुधारते, हा खरा फायदा. चौघे आणि सामान असले की तेच वजन मागच्या मर्यादेकडे ओढते.

दोन आसनी आरव्ही-७ मध्ये गणित अधिक कडक. इंधन आणि प्रत्येकी ८५ किलोंची दोन माणसे धरल्यावर साधारण ३० किलो उरतात. एसी बसवला की उरते एक लॅपटॉपची पिशवी. त्यात या विमानाचे इंधन पंखांच्या पुढच्या कडेत असते. ते संपत जाईल तसा तोल मागे सरकतो. निघताना बरोबर असलेला हिशेब उतरताना चुकलेला असू शकतो.

परवानगी कोणाची?

कारखान्यात बनलेल्या विमानात असा बदल करायचा तर एफएएने मंजूर केलेला आराखडा लागतो. सिरस एसआर-२२ सारख्या विमानांत एसीचा पर्याय कंपनीच देते. हौशी विमानात निर्णय मालकाचा. मोठा बदल केला की एफएएच्या स्थानिक कार्यालयाला कळवायचे, वजन आणि तोल नव्याने मोजायचा आणि साधारण किमान पाच तास प्रवाशांविना चाचणी उड्डाणे करून नोंदवहीत लिहायचे, एवढेच. म्हणून नवी युक्ती आधी या विमानांत दिसते. आणि म्हणूनच या विमानांत प्रवाशाच्या नजरेसमोर पाटी असते, की हे विमान प्रमाणित विमानांच्या सुरक्षा नियमांनुसार बनलेले नाही. २५ किलोंचा हिशेब मालकाने नीट केला की नाही, हे मागे बसलेल्या पाहुण्याला पाटी वाचून कळत नाही.

‘मोझेक’नुसार नव्या लाइट स्पोर्ट विमानांना मान्यता देण्याची तरतूद २४ जुलै २०२६ पासूनची. तयार विमानांत एसी येईल तो या वाटेने. आपल्याकडे प्रश्न त्याआधीचा आहे. वैमानिक अमोल यादव यांनी कांदिवलीतील इमारतीच्या गच्चीवर स्वतःच्या आराखड्याचे सहा आसनी विमान बांधले, २०१६ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले, पण त्याची नोंदणी व्हायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला.

बर्फाच्या पेटीचा तोडगा

अनेक अमेरिकी हौशी वैमानिक यावर अगदी देशी वाटावा असा जुगाड करतात. सहलीला नेतात तशी थर्माकोलच्या अस्तराची पेटी, त्यात बर्फ, एक छोटा पंप, तांब्याच्या नळीचे वेटोळे आणि पंखा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. दहा किलो बर्फ म्हणजे एक टन थंडावा सुमारे १६ मिनिटे! वितळलेले गार पाणी तापेपर्यंत आणखी तीन-चार मिनिटे मिळतात. नेमका तेवढाच वेळ, जेवढा चढाईला लागतो. वीज लागते पंखा-पंपापुरती, वर गेल्यावर आपोआप गरज संपते, आणि पेटी नीट बांधलेली असली म्हणजे झाले. पंधरा-सोळा किलोंची ही व्यवस्था हिवाळ्यात घरी ठेवता येते, पट्ट्यावरचा एसी बाराही महिने वाहून न्यावा लागतो. दोन आसनी विमानासाठी मी तरी हिचीच बाजू घेईन. टेक्सासात राहून चौघांचे कुटुंब दर आठवड्याला उडवणाऱ्याचे गणित वेगळे. त्याला परतीच्या प्रवासात बर्फ कुठून आणायचा हा प्रश्न पडणारच. ॲरिझोनासारख्या कोरड्या भागात काही जण ओल्या पॅडचा कूलर खिडकीला लावतात. तो नागपुरात चालेल, मुंबईत आणि फ्लोरिडात नाही.