ज्याच्या ताब्यात, त्याची जबाबदारी

सल्ला केंद्रात बसणाऱ्या कार्यकर्तीला हल्ली एक प्रश्न वारंवार ऐकावा लागतो. समोरची बाई आपली हकिकत सांगता सांगता मध्येच थांबते, कॉम्प्युटरकडे बघते आणि विचारते, "ताई, हे तुम्ही यात लिहिताय, ते कुठं जातं? कोण कोण वाचतं?" पूर्वी हाच प्रश्न वहीकडे बघून विचारला जाई. तेव्हा आपण कपाटाकडे बोट दाखवायचो, किल्ली कुणाकडे असते तेही सांगायचो. आज इतकं सोपं उत्तर आपल्याजवळ नाही. आणि ते दवाखान्याजवळ, बँकेजवळ, विमा कंपनीजवळही नाही. म्हणून या अंकात या प्रश्नाबद्दल बोलायचं ठरवलं.

मेडिबँक ही ऑस्ट्रेलियातली सर्वांत मोठी खाजगी आरोग्यविमा कंपनी. तिच्या आजी-माजी मिळून सुमारे ९७ लाख ग्राहकांची माहिती हॅकरांनी चोरल्याचं २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये उघडकीला आलं. नावं, पत्ते, जन्मतारखा, फोन नंबर तर त्यात होतेच, पण काही लाख लोकांवर कोणते उपचार झाले त्याच्या नोंदीही होत्या. चोरांनी खंडणी मागितली. पैसे देणार नाही, असं कंपनीने ७ नोव्हेंबरला जाहीर केलं. दोन दिवसांनी चोरांनी ती माहिती थोडी थोडी करून चव्हाट्यावर मांडायला सुरुवात केली. त्यांनी अगदी आधी जे बाहेर काढलं, त्यातल्या एका यादीला त्यांनी नाव दिलं होतं, 'अबॉर्शन्स'.

९७ लाखांमध्ये हाड मोडलेले असतील, मोतीबिंदू काढलेले असतील. त्यांची यादी कुणी केली नाही. यादी झाली ती गर्भ काढून टाकावा लागलेल्या बायकांची, आणि पाठोपाठ दारूच्या व्यसनावर उपचार घेतलेल्यांची. त्या पहिल्या यादीत गर्भ नळीत राहिल्यामुळे, गर्भ जगणारच नसल्यामुळे उपचार घ्यावे लागलेल्या बायकाही होत्या. चोराला त्याच्याशी कर्तव्य नव्हतं. कुठल्या मालाला भाव येईल, एवढंच त्याला बघायचं होतं. हा भाव ठरवला कुणी? बाईच्या शरीराला आणि तिच्या निर्णयांना लाज चिकटवणाऱ्या समाजाने. ऑस्ट्रेलियात गर्भपात कायदेशीर आहे, तरीही चोराला खात्री होती की हे नाव उच्चारलं की बाई घाबरेल. त्या देशाच्या सायबर सुरक्षा मंत्री स्वतः बाई होत्या. त्यांना संसदेत उभं राहून त्या स्त्रियांना उद्देशून सांगावं लागलं की हे घडायला नको होतं.

मग दोष कुणाचा?

चोराचा, हे पहिलं उत्तर. ते खरंच आहे. २०२४ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियन सरकारने या प्रकरणात एका रशियन नागरिकावर निर्बंध घातले. पण चोर परदेशात असतो, हाती लागत नाही, आणि त्याच्या नावाने खडे फोडून बाकीचे मोकळे होतात.

कंपन्या म्हणतात, "आमच्याकडेही चोरीच झाली, आम्हीही बळीच." यातही थोडं तथ्य आहे. पण तिथल्या माहिती आयुक्तांनी जून २०२४ मध्ये मेडिबँकविरुद्ध दावा दाखल केला, त्यात काय म्हटलं आहे ते पाहा. कंत्राटावर काम करणाऱ्या एका कर्मचाऱ्याने कंपनीचे पासवर्ड आपल्या ब्राउझरमध्ये साठवले, ते त्याच्या घरच्या कॉम्प्युटरवर गेले आणि तिथून चोरले गेले. बाहेरून आत शिरताना पासवर्डखेरीज दुसरी कुठलीही खूण विचारली जात नव्हती. आपल्या फोनवर येतो तसा ओटीपी नाही, काही नाही. धोक्याच्या सूचना यंत्रणेने दिल्या होत्या, त्यांच्याकडे वेळेवर नीट पाहिलं गेलं नाही. कंपनीने हा दावा लढवायचं ठरवलं, आणि निवाडा न्यायालय करील. पण आपल्याला यातून एक गोष्ट दिसते. अशा वेळी सगळ्यांत खालच्या पायरीवरच्या माणसाकडे बोट दाखवणं फार सोपं असतं. तो कंत्राटी, त्याने चूक केली, संपलं. एका माणसाच्या चुकीने ९७ लाखांचं कोठार उघडं पडत असेल, तर कोठार तसं बांधणाऱ्यांना आणि वर बसलेल्यांना विचारायला नको?

आणि तिसरं उत्तर तर आपल्या ओळखीचंच आहे. "तिने दिलीच कशाला माहिती?"

अमेरिकेत 'टी' नावाचं एक ॲप आहे. पुरुषाला भेटायला जाण्याआधी बायकांनी एकमेकींना सावध करावं, यासाठी ते निघालं. आत येणारी बाईच आहे याची खात्री म्हणून तिच्याकडून तिचा फोटो आणि काही काळ ओळखपत्रही मागितलं जाई. तपासणीनंतर हे फोटो काढून टाकले जातील, असं तिला सांगितलेलं होतं. जुलै २०२५ मध्ये त्या ॲपमधल्या सुमारे ७२ हजार प्रतिमा बाहेर आल्या. त्यांतल्या सुमारे १३ हजार म्हणजे याच तपासणीसाठी दिलेले चेहरे आणि ओळखपत्रं. म्हणजे जे पुसायचं होतं ते पुसलंच नव्हतं. पाठोपाठ बायकांचे आपापसांतले खाजगी निरोपही उघडे पडले. त्यानंतर त्या बायकांच्या वाट्याला काय आलं? सहानुभूती कमी, टवाळी जास्त. त्यांच्या फोटोंना गुण देण्याचे खेळ निघाले. सुरक्षिततेसाठी दिलेला चेहरा, आणि दोष चेहरा देणारीचा!

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपण आधीही ऐकलेला आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं, कारण तिच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, तिने आरडाओरडा केला नव्हता. म्हणजे तिनेच काही केलं नाही, असं ठरलं. १९७९ मध्ये कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर आल्या, आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. त्या बदलातलं एक तत्त्व फार मोलाचं होतं. बाई पोलिसांच्या किंवा अशाच कुणा अधिकाऱ्याच्या ताब्यात असताना संबंध झाल्याचं सिद्ध झालं आणि तिने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं, तर न्यायालयाने ते गृहीत धरायचं. खुलासा करायचा तो ताब्यात ठेवणाऱ्याने.

बलात्कार आणि माहितीची चोरी यांना आम्ही एका तागडीत घालत नाही. पण ते तत्त्व इथेही उपयोगी आहे. ज्याच्या ताब्यात, त्याची जबाबदारी. विमा हवा असेल, कर्ज हवं असेल, सोनोग्राफी करायची असेल तर माहिती द्यावीच लागते. ती देणं ही बाईची हौस नसते, तिला दुसरा मार्ग नसतो. मग सांभाळलं कसं, याचं उत्तर घेणाऱ्याने द्यायचं.

आपल्याकडे काय आहे? खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, आणि कंपन्यांवरच्या बहुतेक जबाबदाऱ्या लागू करायला त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ऐकायला बरं वाटतं. पण हा दंड जमा होणार सरकारी तिजोरीत. जिची माहिती गेली तिला त्यातला एक रुपया नाही. उलट, जुन्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ४३-अ हे नुकसानभरपाईचं कलम होतं, ते वगळण्याची तरतूद या नव्या कायद्यात आहे. शिवाय माहिती देणाऱ्या व्यक्तीचीही कर्तव्यं सांगितली आहेत, आणि ती मोडली तर तिला दहा हजारांपर्यंत दंड! २०२४ मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची वैद्यकीय कागदपत्रं टेलिग्रामवर मागेल त्याला मिळत होती. तेव्हा ज्यांचे आजार असे जगजाहीर झाले, त्यांनी भरपाई कुणाकडे मागायची?

या कायद्याचं कौतुक झालं ते त्यात व्यक्तीसाठी सगळीकडे 'ती' हे सर्वनाम वापरल्याबद्दल. पण 'ती'चं जगणं कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होतं का? चोरी झाली की कंपनीने तिला कळवायचं, तिने नोंदवलेल्या फोनवर किंवा पत्त्यावर. चांगलंच आहे. पण आपल्याकडे किती बायकांचा नोंदवलेला नंबर त्यांचा स्वतःचा असतो? तो नवऱ्याचा असतो, मुलाचा असतो. "आपल्या अमुक तपासणीची माहिती चोरीला गेली आहे" असा निरोप सासरी पोचला, तर चोराने काही करायच्या आत घरातच घात होईल.

गंमत अशी की सांभाळायचं कसं, हे आपल्या जुन्या नियमांना माहीत होतं. गर्भपाताच्या कायद्याखालचे नियम सांगतात की बाईचं संमतिपत्र लखोट्यात घालून मोहोरबंद करायचं, त्यावर 'गुप्त' लिहायचं, नोंदवही कुणालाही दाखवायची नाही आणि ती पाच वर्षं जपायची. २०२१ च्या दुरुस्तीने बाईचं नाव फोडणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद केली. कागदासाठी लखोटा होता, कुलूप होतं, मुदत होती. कॉम्प्युटर आला आणि सगळं सगळ्यांसाठी, कायमचं साठवायची सवय लागली. मेडिबँकमधून जे गेलं, त्यात कंपनी सोडून गेलेल्या ग्राहकांचीही माहिती होती.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत. कामापुरतीच माहिती विचारा. काम संपलं की पुसा, आणि पुसल्याचं सांगा. चोरी झाली तर बाईला तिच्या भाषेत, तिने निवडलेल्या सुरक्षित मार्गाने कळवा. दंडातला वाटा जिचं नुकसान झालं तिला द्या. आणि दोष खालच्या कर्मचाऱ्यावर ढकलून वरच्यांना सोडू नका.

हे बोलताना आपल्याला आपल्याही घरात डोकवावं लागेल. आपल्या केंद्रांतल्या नोंदी आज कुठे आहेत? मारहाणीचे फोटो कार्यकर्तीच्या खाजगी फोनमध्ये, केसची चर्चा व्हॉट्सॲपच्या गटात नावानिशी, बचत गटाच्या बायकांची आधार कार्डं कुणाच्या तरी लॅपटॉपवर. फोन हरवला तर? नोकरी सोडून गेलेल्या कार्यकर्तीकडे पासवर्ड राहिला तर? आपला हेतू चांगला आहे हे खरं, पण हेतूचं कुलूप होत नाही. बाईने आपल्यावर टाकलेला विश्वास आपल्या ताब्यात आहे. जबाबदारीही आपलीच.

कुलपं घालूनही चोऱ्या होतील. तेव्हा त्या बाईच्या बाजूला कोण उभं राहणार, हा प्रश्न उरतोच. चोराचा धंदा आपल्या लाजेवर चालतो. जिची नोंद बाहेर आली, तिला वस्तीतल्या बायकांनी "त्यात काय, माझंही झालंय" असं म्हटलं, तर त्या यादीचा भाव उतरेल. हे काम कुठल्याही कायद्याने होणारं नाही. ते आपल्यालाच करावं लागेल.

तुमच्या केंद्रात नोंदी कशा ठेवता, काय अडचणी येतात, ते जरूर लिहून कळवा. मात्र लिहिताना बायकांची नावं वगळा.

— संपादक मंडळ