यंत्र आपले, मग आकडे कुणाचे?

भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब, असा अंदाज आयसीएमआर-इंडियाब या देशव्यापी अभ्यासाने २०२३ मध्ये मांडला. साहजिकच रक्तदाबमापक आणि ग्लुकोमीटर अनेक घरांत स्थिरावले आहेत. चर्चा मात्र त्यांच्या किमतीपाशी थांबते. मोजलेला आकडा पुढे जातो कुठे, हे फारसे कुणी विचारत नाही.

बहुधा तो वहीत जातो. हाताने उतरवलेल्या नोंदींचा एक दोष सर्वज्ञात आहे: १३७ चे १४० होतात, १३२ चे १३०, आणि ‘आज जरा दगदग झाली’ म्हणून नकोसा आकडा गाळलाही जातो. औषधाची मात्रा बदलायची की नाही, हे मात्र कित्येकदा अशाच पाच-सात अंकांवर ठरते.

भौतिकशास्त्रात एकटा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे. त्यासोबत एकक, वेळ, उपकरण आणि त्रुटीची मर्यादा हवी. ग्लुकोमीटरसाठीच्या आयएसओ १५१९७ या २०१३ च्या मानकानुसार साखर १०० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वा अधिक असल्यास १५ टक्क्यांपर्यंतची त्रुटी ग्राह्य असते. म्हणजे खरी साखर २०० असताना यंत्राने १७० किंवा २३० दाखवले, तरी ते नियमात बसते. म्हणून एका नोंदीपेक्षा महिनाभराच्या नोंदींचा कल अधिक बोलका. तो पाहण्यासाठी सारे आकडे, जसेच्या तसे, संगणकावर यायला हवेत.

तंत्रज्ञान त्यासाठी अडून बसलेले नाही. ब्लूटूथवरून रक्तदाब आणि साखर पाठवण्याचे सामाईक नियम दशकापूर्वीच ठरले. आयुष्मान भारत डिजिटल मिशननेही आरोग्य-नोंदींसाठी ‘फायर’ हे खुले मानक स्वीकारले आहे. तरीही अनेक यंत्रांतील नोंदी एकेक बटण दाबून पाहाव्या लागतात, नाहीतर कंपनीचे अ‍ॅप, कंपनीचे खाते आणि कंपनीचा सर्व्हर अशी वाट धरावी लागते. उद्या ते अ‍ॅप बंद पडले, तर वर्षांची माहिती कुलूपबंद.

यावर गोपनीयतेचा आक्षेप घेतला जातो. पण यंत्रातून थेट स्वतःच्या संगणकावर आलेली फाइल परक्या सर्व्हरवरील प्रतीपेक्षा अधिक खासगी नव्हे काय? किमतीचा आक्षेप स्वस्तातल्या साध्या यंत्रांपुरता मान्य करू. ज्यांत स्मृती, घड्याळ आणि ब्लूटूथ आधीच आहे, त्यांना तो लागू होत नाही.

कायद्यातही येथे पोकळी आहे. २०१९ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण विधेयकात आपली माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत मिळवण्याचा आणि अन्यत्र नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो उरला नाही. मात्र ही उपकरणे आज वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत आहेत. त्यामुळे परवान्यासाठी एक साधी अट घालता येईल: खाते न उघडता, वेळ आणि एककासह सर्व नोंदी साध्या फाइलमध्ये मिळाल्याच पाहिजेत.

तोवर यंत्र घेताना दुकानदाराला एवढे तरी विचारा: यातले आकडे बाहेर कसे काढायचे? आणि बॅटरी बदलली की यंत्रातील तारीख-वेळ पुन्हा लावा. चुकीच्या वेळेचा अचूक आकडा डॉक्टरांनाही चकवतो.